पंख्याला हात लावण्यापूर्वीं

यंत्र चालविणें ही एक विद्या आहे आणि यंत्र जागें करणें ही दुसरी. हल्लीं बटण दाबलें कीं सर्व कांहीं सुरू होत असल्यामुळें या दोहोंमधला भेद आपल्या लक्षांत येत नाहीं. परंतु ज्यांचें बालपण खेड्यांत गेलें आहे त्यांना विहिरीवरचें ऑइल इंजिन आठवत असेल. त्याचें जड चाक हँडल मारून फिरवावें लागे, आणि तें हँडल कसें धरावें याचें एक शास्त्र होतें. मिस्त्री पोरांना पहिला धडा देई तो असा कीं, अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवावा, दांड्याभोंवतीं वेढूं नये. इंजिनानें उलटा हिसका दिला तर मूठ तत्काळ सुटली पाहिजे. जुन्या मोटारींचें हँडलही याच जातीचें. अमेरिकेंतील कॅडिलॅक गाडीला १९१२ सालीं विजेचा स्टार्टर आला, पुढें तो इतर गाड्यांनाही बसला, आणि मोडलेल्या मनगटांच्या कहाण्या हळूहळू मावळल्या.

या कुळांतील सर्वांत घातकी प्रकार मात्र अजून नाहींसा झालेला नाहीं. तो म्हणजे लहान विमानाचा पंखा हातानें फिरवून त्याचें इंजिन सुरू करणें. मोटारीचें हँडल हें निदान इंजिनाहून निराळें असें एक हत्यार असतें; विमानाच्या बाबतींत हँडल म्हणजे तो पंखाच. ज्या वस्तूनें माणूस कापला जावयाचा, तीच वस्तु हातीं धरून तिला जागें करावयाचें, असा हा विलक्षण व्यवहार आहे. गेल्या वर्षीं अमेरिकेंत पुतण्याकडे चार महिने राहण्याचा योग आला, त्या वेळीं तो मीं जवळून पाहिला. आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलेल्या माणसानें यंत्रांविषयीं लिहावें हें कित्येकांना चमत्कारिक वाटेल. परंतु जेथें एका शब्दाच्या उच्चारावर दुसऱ्याचे हात अवलंबून असतात, तेथें शिक्षकाला बोलण्याचा थोडासा अधिकार आहे असें मला वाटतें.

विमानविद्येच्या आरंभीं दुसरा उपायच नव्हता. राइट बंधूंनीं १७ डिसेंबर १९०३ रोजीं जें विमान उडविलें त्याचे पंखे माणसांनीं हातानें ओढून फिरवावे, तेव्हां इंजिन सुरू व्हावें. पहिल्या महायुद्धांतील असंख्य विमानें अशींच उठविलीं गेलीं. त्यांतला धोका तेव्हांच ओळखून हक्स नांवाच्या इंग्रज वैमानिकानें फोर्ड मोटारीच्या सांगाड्यावर एक लांब दांडा बसविला आणि मोटारीच्या जोरानें पंखा फिरविण्याची युक्ति काढली. तिचा एक नमुना इंग्लंडांत ओल्ड वॉर्डन येथील शटलवर्थ संग्रहांत जपून ठेवलेला आहे. पण असली मोटार प्रत्येक विमानतळावर कोठून यावी? १९३१ सालीं प्रथम उडालेलें 'टायगर मॉथ' विमान हातानेंच सुरू करावें लागे, आणि आपल्या देशांतील वायुदलाच्या व फ्लाइंग क्लबांच्या कित्येक वैमानिकांनीं पहिले धडे याच विमानावर गिरविले. अमेरिकेंत पायपर कंपनीचें 'कब' हें विमान १९३८ ते १९४७ या काळांत वीस हजारांच्या घरांत तयार झालें. दोन माणसांची जागा, पासष्ट अश्वशक्तीचें इंजिन, आणि विजेची व्यवस्था मुळींच नाहीं. बॅटरी नाहीं, स्टार्टर नाहीं. पुतण्यानें दोघां मित्रांबरोबर भागीदारींत घेतलेलें पिंवळें विमान याच जातीचें, १९४६ सालचें आहे. म्हणजे वयानें तें मला वडीलच.

बॅटरी नसतां ठिणगी येते कोठून, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशीं पडला. उत्तर 'मॅग्नेटो' या लहानशा यंत्रांत आहे. त्यांत इंजिनाबरोबर फिरणारें लोहचुंबक असतें. तें तारेच्या वेटोळ्यापाशीं फिरलें कीं वीज उत्पन्न होते. त्याला बाहेरून कांहीं नको. फिरणें एवढेंच पुरे. विमानाच्या इंजिनाला असे दोन मॅग्नेटो असतात, एक रुसला तर दुसरा हात देईल म्हणून. बॅटरी संपली तरी आकाशांत इंजिन बंद पडूं नये, ही त्यांतली दूरदृष्टि. परंतु आकाशांतला हा गुण जमिनीवर दोष होऊन बसतो.

कारण मॅग्नेटोचें बटण आपल्या घरांतील बटणाच्या अगदीं उलट रीतीचें आहे. घरांतलें बटण बंद केलें कीं विजेची वाट तुटते आणि दिवा विझतो. मध्यें कोठें तार तुटली तरीही दिवा विझतोच. मॅग्नेटोचें बटण बंद केलें कीं, तुटण्याऐवजीं, एक वाट जोडली जाते. त्या वाटेनें वीज इंजिनाच्या धातूंत जिरून जाते आणि ठिणगी पडत नाहीं. आतां ही जिरविणारी तार कंपनानें तुटली, किंवा तिचा स्क्रू ढिला झाला, तर काय होईल? बटण 'बंद' असें दाखवीत राहील आणि मॅग्नेटो जागाच राहील. घरच्या बिघाडानें अंधार होतो, तो सर्वांना कळतो. येथल्या बिघाडानें ठिणगी जिवंत राहते, आणि ती कोणाला दिसत नाहीं. म्हणून वैमानिकांचा पहिला नियम असा आहे कीं, बटण कांहींही सांगो, प्रत्येक पंखा जिवंत समजावा. विमान नुसतें सरळ लावण्यासाठीं पंखा वीतभर सरकवावयाचा असला तरी हाच नियम. नुकत्याच उतरलेल्या विमानाच्या इंजिनांत ऊब असते, पेट्रोलची वाफ शिल्लक असते. तेवढ्या वीतभर हालचालीनेंही तें एखादा ठोका टाकूं शकतें, आणि हातावर बसावयास एक ठोका पुष्कळ झाला.

पंख्याचा वेग किती, याचें गणित मीं संवयीप्रमाणें कागदावर मांडून पाहिलें. टोकापासून टोकापर्यंत ६ फुटांचा पंखा घ्या. इंजिन अगदीं मंद चाललें तरी मिनिटाला ७०० फेरे धरावयास हरकत नाहीं. म्हणजे सेकंदाला जवळजवळ १२ फेरे. आणि पातीं दोन असल्यामुळें एकाच जागेवरून सेकंदाला २३ वेळां पातें जाणार. टोकाचा वेग सेकंदाला २२० फूट, म्हणजे ताशीं दीडशें मैल. हा मंद चालीचा हिशेब झाला. इतक्या वेगानें फिरणारी वस्तु डोळ्यांना दिसत नाहीं. समोर एक धुरकट वर्तुळ दिसतें, आणि उन्हाच्या विशिष्ट तिरपींत तेंही दिसत नाहीं. साप फणा काढून बजावतो, वाघ गुरगुरतो. हा शत्रु मात्र पूर्ण वेगांत आला कीं अदृश्य होतो.

म्हणून येथें उभें कसें राहावें यालाच सर्व महत्त्व. प्रथम पायांखालची जमीन पाहावयाची; ओलें गवत, चिखल, बारीक खडी किंवा सांडलेलें तेल असेल तर विमान दुसरीकडे ढकलून न्यावें, पण त्या जागीं हात घालूं नये. चाकांना पुढून ठोकळे लावावे आणि शेपटी दोरानें खुंटाला बांधावी. पातें आडव्या रेषेच्या किंचित वर असावें. त्यावर तळवे सपाट ठेवावे, बोटें कडेभोंवतीं वळवूं नयेत. कारण इंजिनानें उलटा हिसका दिला तर घट्ट धरलेलें पातें माणसालाच आंत ओढतें. विहिरीवरच्या मिस्त्रीनें अंगठ्याविषयीं सांगितलेला धडा तो हाच! पातें खालीं ओढतांना सर्व अंगाचा झोंक मागें जावा, आणि त्याच ओघांत पाऊलही मागें पडावें. गळपट्टा, लोंबती दोरी, सैल बाही, बोटांतली अंगठी, यांपैकीं कांहींही अंगावर नको. पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यांत धोतराचा सोगा सांपडल्याच्या हकीगती आपल्याकडे ठाऊक नाहींत असें घर विरळा. त्यांत आणि यांत फरक एवढाच कीं, येथें ओरडावयालाही अवधि मिळत नाहीं.

या सगळ्या क्रियेंत मला विशेष वाटलें तें असें कीं, जोर लावणें हा तिचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग माघार घेण्याचा आहे. इतर कामांत यश आलें म्हणजे माणूस पुढें सरतो. दहा वेळां ओढून अकराव्या वेळीं इंजिन धडधडूं लागलें कीं येथेंही माणसाचा जीव आनंदून पुढेंच झेपावूं पाहतो, आणि धोका नेमका त्या क्षणाचा आहे. दिवाळींत फटाक्याची वात पेटली कीं शहाणा मुलगा मागें पळतो. पेटली कीं नाहीं हें ओणवून पाहणारा भाजतो. ज्यानें आवाहन करावें त्यानें तत्क्षणीं वाट सोडावी, हें या विद्येचें सार आहे.

आतां शब्दांकडे येतों. बाहेर पंख्यापाशीं एक आणि आंत बैठकीवर एक, अशीं दोन शिकलेलीं माणसें या कामाला लागतात, आणि दोघांमध्यें ठरलेला संवाद चालतो. बाहेरचा पुकारतो, "स्विच ऑफ." आंतला बटण डोळ्यांनीं पाहून तेच शब्द परत उच्चारतो. मग बाहेरचा पंखा दोनचार वेळां फिरवून इंजिनांत पेट्रोल ओढून घेतो. ब्रेक दाबलेला आहे आणि थ्रॉटल, म्हणजे पेट्रोलचा लगाम, मंद चालीपुरताच सैल आहे, याची खातरजमा होते. शेवटीं बाहेरचा पुकारतो, "कॉन्टॅक्ट!" आंतल्यानें तो शब्द परत म्हणावयाचा आणि मगच बटण चालू करावयाचें. "स्विच ऑन" असें कां म्हणत नाहींत, असें मीं विचारलें. उत्तर ऐकून मला माझा वर्ग आठवला. वाऱ्याच्या आणि इतर विमानांच्या आवाजांत 'ऑन' आणि 'ऑफ' हे शब्द एकमेकांसारखे ऐकूं येतात. 'कॉन्टॅक्ट' हा शब्द दुसऱ्या कशासारखाही ऐकूं येत नाहीं.

आपल्याकडे व्याकरण शिकविणारे गुरुजी 'इंद्रशत्रु' या शब्दाची कथा सांगत आले आहेत. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्यानें यज्ञ केला. परंतु मंत्र म्हणतांना शब्दाचा स्वर चुकला, समासाचा अर्थ फिरला, आणि ज्याला इंद्र मारील असा वृत्र जन्मास आला. मुलांना ही कथा अतिशयोक्तीची वाटे, आणि एका स्वरानें एवढें काय व्हावयाचें म्हणून तीं हंसत. विमानाच्या पंख्यापाशीं उभें राहिल्यावर तिच्यांत अतिशयोक्ति अशी कांहीं उरत नाहीं. जो शब्द ऐकला तोच परत उच्चारावयाचा, ही आपल्या पाठशाळेंतली संथा तेथें जीव वांचविण्याची रीत आहे.

मात्र संवाद होण्यास दोन माणसें हवींत, आणि दोघेंही जाणकार हवींत. येथें एक प्रसंग सांगितला पाहिजे. एके रविवारीं पुतण्या मला विमानांतून हिंडवून आणावयास निघाला. कित्येक दिवस त्यानें याची तयारी चालविली होती. ऐन वेळीं भागीदाराचा निरोप आला कीं त्याला यावयास जमत नाहीं. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही फक्त पुढच्या बैठकीवर बसा. टांचांनीं दोन्ही ब्रेक दाबून धरा, आणि मी सांगेन तेव्हां वरचें तें बटण फिरवा. पंखा मी फिरवितों. दुसरें कांहीं करावयाचें नाहीं."

मीं विचारलें, "आणि इंजिन एकदम जोरानें सुरू झालें तर मी काय करावयाचें?"

"तसें होत नाहीं, काका."

"होत नाहीं हें ठीक. पण झालें तर?"

तो गप्प राहिला. मी म्हणालों, "बाळ, मला ब्रेक म्हणजे काय हें आज प्रथम कळलें. तुझ्या हातांची जोखीम माझ्या अज्ञानावर टाकावयाची, ही गोष्ट मला मान्य नाहीं. आज आपण घरीं जाऊं."

परक्या देशीं पुतण्याच्या घरीं पाहुणा असलेल्या म्हाताऱ्यानें त्याच्या आवडीच्या गोष्टीला 'नाहीं' म्हणणें सोपें नसतें. त्याचा चेहरा उतरला. परततांना मोटारींत कोणी बोललें नाहीं. घरीं आल्यावर तो बागेंत पाणी घालावयास गेला, तेव्हां सूनबाई माझ्यापाशीं येऊन हळूच म्हणाली, "काका, भागीदार आले नाहींत कीं हे मला असेंच बसवतात. दोन वर्षें झालीं. मला इंजिन बंद करतां येतें कीं नाहीं, हें मला कोणी विचारलेंच नाहीं. आणि मला भीति वाटते असें म्हणावें, तर त्यांना वाटेल कीं मला त्यांचा छंदच आवडत नाहीं."

मी क्षणभर स्तब्ध झालों. एकत्र घरांत वाढलेल्या आपणां लोकांना ही गोष्ट नवी नाहीं. घरांतील कर्त्या माणसाचा उत्साह मोडूं नये म्हणून कोणी तरी मुकाट्यानें ब्रेक दाबून बसलेलें असतें. मीं तिला म्हटलें, "हें तूंच त्याला सांग, मी सांगितलें तर तो म्हाताऱ्याचा धसका ठरेल." रात्रीं जेवणें झाल्यावर तिनें सांगितलें. पुतण्या मनानें सरळ आहे. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं, मग म्हणाला, "उद्यां आपण क्लबांतल्या शिक्षकाला विचारूं."

त्या शिक्षकानें सूनबाईला विमानांत बसवून पहिला धडा दिला तो इंजिन सुरू करण्याचा नव्हे, तर बंद करण्याचा: थ्रॉटल पूर्ण मागें, बटण बंद, ब्रेक घट्ट. इंजिन मुळींच न लावतां हा पाठ तिच्याकडून इतक्या वेळां करून घेतला कीं तिचा हात डोळे मिटून जाऊं लागला. मगच खरा पंखा फिरला. पुढें एका रविवारीं भागीदार बाहेर आणि पुतण्या आंत, अशा व्यवस्थेनें आम्ही उडालों. आकाशांतून खालचीं शेतें पाहून मला फार आनंद झाला, हेंही सांगितलें पाहिजे.

"झालें तर?" या माझ्या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत नमूद आहे. ३० ऑगस्ट १९५५ रोजीं ऑस्ट्रेलियांत सिडनीजवळच्या बँक्सटाउन विमानतळावर 'ऑस्टर' जातीच्या एका लहान विमानाचें इंजिन उतरल्यावर बंद पडलें. वैमानिक एकटाच होता. त्यानें खालीं उतरून पंखा फिरविला. इंजिन सुरू झालें, आणि विमान त्याला मागें ठेवून चालूं लागलें. पाहतां पाहतां तें उडालें आणि सिडनी शहरावर एकटेंच घिरट्या घालूं लागलें. खालीं लाखों लोकांची वस्ती, आणि वर रिकाम्या बैठकीचें विमान! हा प्रकार अडीचतीन तास चालला. शेवटीं तें समुद्रावर गेलें, तेव्हां नौदलाच्या लढाऊ विमानांनीं तें पाडलें. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. परंतु विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, उडावयाला त्या विमानाला माणूस लागला नाहीं. लागला असता तो उतरावयाला.

विमान असें सुटतें कसें? बहुधा थ्रॉटल पुढें राहिल्यामुळें. इंजिनांत पेट्रोल जास्त झालें म्हणजे तें चालत नाहीं. मग बटण बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडून, पंखा उलटा फिरवून तें पेट्रोल घालवावें लागतें. त्यानंतर थ्रॉटल पुन्हां मागें ओढावयाचें राहून गेलें, कीं पुढच्या ओढीला इंजिन मंद चालीनें न उठतां पूर्ण बळानें उठतें. हें विस्मरण होतें तें अडाण्याला नव्हे. दहा वेळां ओढून घामाघूम झालेल्या, चिडलेल्या, उशीर झालेल्या जाणत्या माणसाला होतें. म्हणून प्रत्येक ओढीपूर्वीं पहिल्यापासून सर्व उजळणी करावी असें सांगतात. दमलेल्यानें बसावें, पंखा पळून जात नाहीं.

आजच्या बहुतेक लहान विमानांना विजेचा स्टार्टर असतो, तेव्हां हें पुराण आतां कशाला, असें कोणी म्हणेल. पण खरा घोंटाळा तेथेंच होतो. कब विमानाचा मालक निदान ही रीत शिकलेला असतो. नव्या विमानाची बॅटरी एखाद्या आडगांवीं उतरली, सूर्य मावळूं लागला, घरीं माणसें वाट पाहत असलीं, कीं ज्यानें जन्मांत पंख्याला हात लावलेला नाहीं तो वैमानिक म्हणतो, जुने लोक हातानेंच करीत, मला कां जमूं नये? त्याच्या विमानाचें इंजिन कबपेक्षां दुपटीहून अधिक जोराचें असतें, आणि आंत बसविलेला असतो एखादा प्रवासी मित्र, ज्याला ब्रेक कोठें आहे हेंही ठाऊक नसतें. अडलेल्या माणसाला धैर्य आणि घाई यांतला फरक कळत नाहीं. अशा वेळीं रात्र धर्मशाळेंत काढावी, सकाळीं बॅटरी भरून घ्यावी, यांत कोणतीही नामुष्की नाहीं.

हें सर्व वाचून कोणी आईबाप धास्तावतील आणि परदेशीं असलेल्या मुलाला हा छंद सोडून दे म्हणून लिहितील, तर माझा हेतु फसला असें मी समजेन. आकाशांत हिंडण्याची हौस चांगली आहे, आणि तरुणांनीं ती करावी. सुटींत तिकडे गेलांत आणि नातवंडांचा फोटो विमानाजवळ काढावयाचा झाला, तर त्यांना शेपटीपाशीं उभें करा, पंख्याला टेकूं देऊं नका, मग तो कितीही निश्चल दिसो. आणि घरांतलें कोणी या छंदाला लागलेलें असेल, तर त्याला एवढेंच विचारा: तूं पंखा फिरवितोस तेव्हां आंत कोण बसतें, आणि त्याला इंजिन बंद करतां येतें काय?